सूर कुठे बिघडतो? जुन्या सिंथेसायझरचा वीजपुरवठा

महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या जुन्या मराठी मंडळाची कोठीची खोली उघडून पाहावी. मखराच्या कमानी, नाटकाचे पडदे, सतरंज्या, समया आणि पायपेटी यांच्या सोबतीला कोपऱ्यात कधीकधी जुन्या चादरीत गुंडाळलेले एक काळे, लांबट, जड यंत्र आढळते. विचारणा केली तर उत्तर ठरलेले असते : ‘तो जुना सिंथेसायझर. बेसूर झाला आहे. आता त्याचे काही होणार नाही.’ या लेखात आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, या तीन वाक्यांपैकी पहिली दोन बहुधा खरी असतात. तिसरे मात्र पुष्कळदा खोटे ठरते. वाद्याचा गळा शाबूत असतो, बिघडलेले असते ते त्याचे अन्न. हे अन्न म्हणजे वाद्याच्या पोटातील वीजपुरवठ्याचा भाग, ज्याला कारागीर नुसते ‘सप्लाय’ म्हणतात.

उज्जैनीत फ्रीगंजमधील टावर चौक आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या पायाखालचा आहे. संध्याकाळी घड्याळाच्या मनोऱ्याभोवती खाण्याच्या गाड्यांची आणि फिरायला आलेल्या कुटुंबांची जी गर्दी लोटते, तिच्या आडोशाला अजूनही एखाददुसरे दुरुस्तीचे टेबल दृष्टीस पडते. त्यावर रेडिओ, अॅम्प्लिफायर, स्टॅबिलायझर उघडे पडलेले असतात आणि डाखाचा धूर दरवळत असतो. अशाच एका टेबलाशी एका परिचित मंडळाचा सिंथेसायझर येऊन पोचला, तेव्हा त्याची चिकित्सा आरंभापासून शेवटपर्यंत पाहण्याची संधी आम्हांस लाभली. पुढील विवेचन त्या अनुभवावर आणि या शास्त्राच्या सर्वमान्य नियमांवर आधारलेले आहे.

हा पाहुणा आपल्याकडे आला कसा?

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली आपले पहिले विद्युत् स्वरयंत्र तयार केले. कपाटाएवढे असलेले हे यंत्र १९७० साली ‘मिनीमूग’च्या रूपाने हाताखाली वागविता येईल इतके लहान झाले. भारतात ते आश्चर्य वाटावे इतक्या लवकर आले. १९६९ सालीच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत न्यूयॉर्कचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग यंत्राचा स्टुडिओ उभा राहिला आणि १९७२ पर्यंत तेथे ध्वनिमुद्रणाचे प्रयोग चालले. त्या फितींतील निवडक भाग २०२३ साली प्रसिद्ध झाला. हिंदी चित्रपटसंगीतात केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी हे वाद्य रुजविले. १९८२ साली मुंबईचे चरणजित सिंग यांनी जपानी बनावटीचा सिंथेसायझर आणि त्याच्या जोडीची तालयंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. तेव्हा ती फारशी खपली नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा साऱ्या जगाने कान टवकारले.

याच सुमारास गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत हे वाद्य दिसू लागले. कोणाचा मुलगा मस्कतला, कोणाचा जावई सिंगापूरला, कोणाचा भाऊ अमेरिकेत. सुटीवर येताना अशा नातलगाने मंडळासाठी आणलेली ही भेट म्हणजे त्या काळी केवढी अपूर्वाई! पुढे स्वस्त आणि हलके कीबोर्ड बाजारात आले आणि हा पाहुणा चादरीत गुंडाळला गेला.

स्वर म्हणजेच दाब

पेटीत स्वर धातूच्या जिभेवर ठरतो, सतारीत तारेच्या ताणावर. जुन्या सिंथेसायझरमध्ये तो विजेच्या दाबावर, म्हणजे व्होल्टेजवर ठरतो. या संपूर्ण विषयाचे मर्म याच एका गोष्टीत आहे. मूग यांनी रूढ केलेल्या आणि पुढे अनेक कारखान्यांनी स्वीकारलेल्या पद्धतीत एका सप्तकाला एक व्होल्ट असे प्रमाण असते. मध्य षड्‍जावरून तार षड्‍जावर जावयाचे तर स्वर निर्माण करणाऱ्या मंडलाला एक व्होल्ट अधिक द्यावयाचा. सप्तकाचे बारा भाग केले की शेजारच्या दोन पट्ट्यांतील अंतर सुमारे ८३ मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टाचा बारावा हिस्सा होतो. आपल्या शास्त्रातील प्रमाणश्रुतीचे अंतर मोजले तर ते जेमतेम १८ मिलिव्होल्ट भरते. हातातील विजेरीचा एक सेल दीड व्होल्टाचा असतो. त्याच्या सुमारे ८३व्या भागाएवढी चूक झाली तरी एका श्रुतीचा फरक पडावा, इतका हा नाजूक व्यवहार आहे.

हे सर्व सूक्ष्म दाब मापून घेतले जातात ते वाद्याच्या मुख्य पुरवठ्यातून. हा पुरवठा बहुधा अधिक १५ आणि उणे १५ व्होल्टांचा असतो. तो एक टक्क्याने जरी वाढला, तरी पट्ट्यांचे दाब याच पुरवठ्यावर बेतलेल्या रचनेत सप्तकामागे बारा सेंटची, म्हणजे अर्ध्या स्वराच्या आठव्या भागाहून किंचित कमी वाढ होते. खालच्या सप्तकात ती कानाला खटकत नाही. पण चूक सप्तकागणिक साचत जाते आणि चौथ्या सप्तकापर्यंत जवळजवळ पाव स्वर चढतो. ‘मंद्रात बरे वाजते, तारेत मात्र अंगावर येते,’ अशी तक्रार वादक करतो, तेव्हा त्याचा कान अचूक सांगत असतो. दोष पट्ट्यांत नसतो, पायात असतो.

येथून ३५-४० किलोमीटरवर असलेल्या देवासला १९४८ पासून १९९२ साली देहावसान होईपर्यंत कुमार गंधर्वांचे वास्तव्य होते. त्यांचे तानपुरे किती सूक्ष्मपणे जुळविलेले असत, हे माळव्यातील जुन्या श्रोत्यांनी अनुभवलेले आहे. तानपुरा जुळला नसेल तर गायकाने कितीही कष्ट घेतले तरी मैफल उभी राहत नाही. जुन्या सिंथेसायझरमध्ये वीजपुरवठ्याचे स्थान नेमके तानपुऱ्याचे आहे. तो ऐकू येऊ नये. पण सगळे त्याच्यावर उभे असते.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. १९८०नंतरच्या दशकात अंकीय पद्धतीची वाद्ये पुढे आली. १९८३ सालचा यामाहाचा ‘डीएक्स-७’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अशा वाद्यांचा स्वर स्फटिकाच्या ठेक्यावर ठरतो. पुरवठा बिघडला तर ती बेसूर न होता गुणगुणतात, मध्येच अडखळतात किंवा मुकाट बंद पडतात. लक्षण निराळे असले तरी पहिला संशय पुरवठ्यावरच घ्यावा.

भिंतीपासून सुरापर्यंत

भिंतीतील वीज २३० व्होल्टांची असते आणि दिशा बदलत सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. ट्रान्सफॉर्मर प्रथम तिचा दाब उतरवितो. नंतर डायोडांची चौकडी तिला एकाच दिशेने वाहावयास लावते. पण हा प्रवाह सेकंदाला १०० उसळ्या घेत असतो. त्या उसळ्या शांत करण्याचे काम मोठ्या नळकांड्यासारख्या कंडेन्सरांकडे असते. विहिरीवर मोट थांबून थांबून पाणी ओतते, तरी पाटाला संथ धार लागते ती मधल्या हौदामुळे. कंडेन्सर हा तो हौद होय. शेवटी रेग्युलेटर उरलेसुरले चढउतार छाटून नेमके १५ व्होल्ट पुढे पाठवितो.

या मालिकेत सर्वांत आधी म्हातारा होतो तो कंडेन्सर. त्याच्या पोटात अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये द्रवाने भिजविलेला कागद असतो. रबराच्या बुचातून हा द्रव वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळपास निम्मे होते, असा या क्षेत्रातील ठोकताळा आहे. माळव्यातील मे महिना आणि पत्र्याच्या छपराखालची कोठीची खोली डोळ्यांसमोर आणली म्हणजे अधिक सांगावयास नको. हौद आटल्यावर काय होते ते आकड्यांत पाहा. अर्धा अँपियर प्रवाह लागत असेल आणि कंडेन्सर ४७०० मायक्रोफॅरडचा असेल, तर उसळी सुमारे एका व्होल्टची राहते व रेग्युलेटर ती सहज पचवितो. तोच कंडेन्सर सुकून १००० मायक्रोफॅरडवर आला की उसळी पाच व्होल्टांची होते आणि रेग्युलेटरचा नाइलाज होतो.

मग स्पीकरमधून एक अखंड घरघर ऐकू येऊ लागते. तिचा स्वरही ठरलेला असतो. सेकंदाला १०० कंपने म्हणजे पेटीच्या खर्जातील पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधला, पांढरी पाचकडे झुकलेला नाद. ज्या घरात पेटी आहे तेथे हा रोग कानानेच ओळखता येतो : खर्जातील पांढरी पाच दाबावी आणि घरघर तिच्याहून किंचित चढी वाटते का ते पाहावे. वाटली, तर कंडेन्सर सुकल्याचा पुष्कळसा पुरावा मिळाला म्हणावयाचा. घरघर याच्या बरोबर एक सप्तक खाली, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची असेल, तर बाहेरच्या तारा, मातीचे जोडकाम म्हणजे अर्थिंग, किंवा एखादा निकामी डायोड यांकडे आधी लक्ष द्यावे.

टेबलावरची चिकित्सा

टावर चौकातील त्या कारागिराने वाद्य समोर आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते सुरू केले नाही. मंडळाचे कार्यकर्ते उतावीळपणे म्हणत होते, ‘लावून तर पाहा.’ त्याने शांतपणे उत्तर दिले, ‘भाईसाब, मशीन मरी नहीं है, भूखी है. भूखे को एकदम नहीं खिलाते.’ वर्षानुवर्षे बंद असलेल्या कंडेन्सरवर एकाएकी पूर्ण दाब टाकणे धोक्याचे असते, हे तत्त्व त्याने एका वाक्यात सांगितले.

दुसरी गोष्ट, मागील बाजूस लिहिलेला दाब वाचला. सिंगापूर किंवा आखाती देशांतून आलेली वाद्ये बहुधा आपल्याकडे चालतात. जपानच्या स्थानिक बाजारातील वाद्य १०० व्होल्टांचे आणि अमेरिकेतील १२० व्होल्टांच्या आसपासचे असते. ते आपल्या २३० व्होल्टांच्या प्लगात थेट खुपसले तर क्षणात ट्रान्सफॉर्मर जळतो. दाब उतरविणारा बाहेरचा ट्रान्सफॉर्मर लावला तरी, अमेरिकेतील ६० आवर्तनांसाठीच केलेला गाभा आपल्या ५० आवर्तनांवर अधिक तापतो, म्हणून पहिल्या तासाभरात हात लावून खात्री करावी.

तिसरी गोष्ट, फ्यूज पाहिला. तेथे फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळलेली निघाली. वाद्य चालू ठेवण्यासाठी कोणीतरी उत्साहाने केलेला हा उपाय म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दरवाजा उघडा ठेवण्यासारखे आहे. फ्यूज जळतो तो वाद्य वाचविण्यासाठी. तो पुन्हा पुन्हा जळत असेल तर आत कारण असते. ते शोधावे, तार लावू नये.

त्यानंतर आला तो आपल्याकडील कारागिरांचा जुना, स्वस्त आणि शहाणा उपाय : सिरीजचा दिवा. विजेच्या वाटेत जुन्या पद्धतीचा, तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब जोडतात आणि त्यातून वाद्याला वीज देतात. आत कोठे थेट जोड झाला असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो, वाद्य वाचते. आत ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. एलईडीचा दिवा या कामी येत नाही. म्हणून जाणता कारागीर जुने बल्ब जपून ठेवतो.

बल्ब मंद झाला. मग पुरवठ्याची पट्टी वाद्याच्या इतर भागांपासून सोडवून तिचे दाब स्वतंत्र मोजले. ही पायरी कधीही गाळू नये. रेग्युलेटर आतून जुळून गेला असेल तर १५ च्या जागी २० किंवा अधिक व्होल्ट पुढे जातात आणि स्वर निर्माण करणाऱ्या चिपा जळतात. पुरवठ्यातील भाग आजही किरकोळ किमतीत मिळतात; जुन्या स्वरचिपांपैकी कित्येकांचे उत्पादन मात्र कधीच थांबले आहे. स्वस्त भागाच्या चुकीने अमोल भाग जावा, याहून मोठा तोटा नाही.

मोजमापात दोन दोष सापडले. उणे बाजूचा मोठा कंडेन्सर सुकला होता, त्याची घरघर. अधिक बाजूचा दाब १५ ऐवजी १५.१५ भरला. तो नेमका ठेवण्यासाठी असलेला लहानसा फिरता रोधक, ज्याला कारागीर प्रीसेट म्हणतात, धुळीने आणि गंजाने जागचा हलला होता, त्यामुळे तारसप्तक चढले होते. याशिवाय ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी डाखाला केसासारखी चीर होती. जड भागाचे वजन प्रवासात हादरे खात राहिले की असे सांधे उलतात. वाद्य कधी चालते, कधी बंद पडते, आणि थापट मारल्यावर पुन्हा सुरू होते, ते यामुळेच.

दुरुस्तीचे काम त्या मानाने छोटे होते. मोठे कंडेन्सर चारही बदलले. एक सुकला तेव्हा त्याच वयाचे बाकीचे वाट पाहत असतात. नवे घेताना मूळच्याएवढ्या किंवा अधिक व्होल्टांचे आणि ८५ ऐवजी १०५ अंश उष्णता सोसणारे घेतले. अधिक-उणे टोके दोनदा तपासली, कारण उलटा जोडलेला कंडेन्सर तापून फुटतो. प्रीसेट नवा लावला, उललेले सांधे पुन्हा डाखले. दाब नेमका १५ वर आणून अर्धा तास चालू ठेवला, पुन्हा मोजला, आणि मगच वाद्याचे बाकी भाग जोडले. मंडळाच्या वादकाने मंद्रापासून अतितारापर्यंत एकच षड्‍ज लावून पाहिला. आता सगळे षड्‍ज एका कुळातले वाटत होते.

येथे एक इशारा अवश्य देतो. प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर वीज धरून ठेवतात आणि ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे तर घरातील पूर्ण २३० व्होल्ट खेळत असतात. घरच्या मंडळींनी पाहावे, लक्षणे टिपून ठेवावीत, पण झाकण उघडून हात घालण्याचे काम जाणत्याकडेच सोपवावे.

दोष वाद्यात की मांडवात?

कधीकधी वाद्य निर्दोष असते आणि तरी मांडवात बिघडते. याचे गणित साधे आहे. १५ व्होल्टांच्या सर्वसाधारण रेग्युलेटरला आत सुमारे १७ व्होल्ट तरी मिळावे लागतात. वाद्यात २३० व्होल्टांवर आतील कच्चा दाब २० असतो असे धरू. उत्सवाच्या रात्री रोषणाई, पंखे, ध्वनिक्षेपक सगळे एकाच तारेवर आले आणि भिंतीतील दाब १८० वर उतरला, तर आत उरतात साडेपंधरा-पावणेसोळा. रेग्युलेटर हात टेकतो, घरघर सुरू होते, सूर डळमळतो. दुसऱ्या दिवशी घरी तेच वाद्य सुरेल वाजते आणि सगळे चकित होतात. अशा वेळी दुरुस्तीवर पैसे न घालविता वाद्यासाठी चांगला स्टॅबिलायझर आणि रोषणाईपासून स्वतंत्र तार द्यावी. मांडवात व्होल्टमीटर लावून दाब किती, हे एका वहीत टिपले तर अर्धे वाद तेथेच मिटतील.

जपण्याजोगे काय?

उज्जैनीला जुन्या यंत्रांच्या पुनरुज्जीवनाचा एक थोर दाखला आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली येथील वेधशाळा पुढे मोडकळीस आली होती. १९२३ साली ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे हे तिचे पहिले अधीक्षक झाले. यंत्रे पडकी म्हणून ती मोडून टाकावीत, असे त्या वेळी कोणास वाटले असते तर आज मुलांना सावलीवरून वेळ वाचावयास कोठे नेले असते? मोठी यंत्रे राजे दुरुस्त करवितात. लहान यंत्रे तुम्हांआम्हांलाच करवून घ्यावी लागतात.

आणि खरी काळजी वाद्याची नाही, ती कारागिराची आहे. आजची बहुतेक उपकरणे उघडण्यासाठी केलेलीच नसतात. टावर चौकाच्या आसपास ज्यांना सिरीजचा दिवा लावून यंत्राची नाडी पाहता येते असे हात आता थोडे उरले, आणि त्यांच्यापाशी बसून शिकणारी पोरे त्याहून थोडी. कान वादकाचा, मीटर कारागिराचा. दोघे एका टेबलाशी बसले तरच जुने वाद्य पुन्हा बोलते. आपल्या घराघरांतून अभियंते झालेली मुले-मुली आहेत. त्यांपैकी एखाद्याने सुटीतले चार दिवस अशा टेबलाशी बसून काढले, तर पुस्तकात पाहिलेला रेग्युलेटर त्याला प्रथमच ऐकू येईल.

यंदाच्या गणेशोत्सवापूर्वी मंडळांच्या चिटणीसांनी कोठीची खोली जरूर उघडावी. चादर काढावी, वाद्याच्या मागील बाजूस किती व्होल्ट लिहिले आहेत ते वाचावे, फ्यूजच्या जागी तार तर नाही ना ते कारागिराकडून पाहून घ्यावे, आणि वादकाने सांगितलेली लक्षणे कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावीत : घरघर आहे की चढउतार, मंद्रात की तारेत, घरी की मांडवात. एवढ्या चार ओळींनी त्याचा अर्धा दिवस वाचेल. तोपर्यंत ‘लावून तर पाहू’ हा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.